दुसरी

सिमला ऑफिसच्या रेकॉर्डखोलीत
एकतीस वर्षं मी वादळं लावली,
आधी नावाने, मग सालाने.
खोकला यायचा. वादळांचा नव्हे, पुठ्ठ्यांचा.

बावडेकरसाहेब नेमकं ते खोकं पुढे सरकवत,
"घ्या नीनाबाई, तुमची थोरली आली."
त्रेपन्नची नीना. सत्तावन्नची. साठची.
पॅसिफिकवर तेव्हा नावं फिरत असत,
यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून,
गिरणीतल्या डब्यांसारखी.
मग त्रेसष्टची.

त्रेसष्टची मीही आहे.

माझ्याआधी एक होती, सहा वर्षांची.
बारा जुलै एकसष्ट, नारायण पेठ, पाणी जिन्यापर्यंत.
ती परत आत का गेली
हे मला तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं:
पाटीसाठी,
मांजरासाठी,
कुणी हाक मारली असं वाटलं म्हणून.

गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत माझं बारसं.
आत्या कानाशी वाकली आणि अडली.
आई म्हणाली, तेच.
रेशनकार्डावर खाडाखोड वाचली,
असं बाबा पुढे सांगत. हसत नसत.

पंचाहत्तरची नीना चीनवर गेली.
तिकडे धरणं फुटली.
मृतांच्या रकान्यात पेन्सिलीचा आकडा,
खोडलेला, पुन्हा लिहिलेला, पुन्हा खोडलेला.
फार माणसं गेली की नाव काढून टाकतात म्हणे.
हिचं नाही काढलं.
अठ्ठ्याहत्तरला आणखी एक नीना.
मी तिच्या कार्डावरची धूळ जरा जास्तच पुसायची.

आपल्याकडच्या समुद्रात
एकदा दिलेलं नाव पुन्हा देत नाहीत,
हे मी घरी सांगितलं तेव्हा
आई गवार मोडत होती.
"मग एवढी नावं आणायची कुठून?" म्हणाली,
आणि शिरा काढत राहिली.

गेल्या महिन्यात महापालिकेत
जन्मदाखल्याच्या खिडकीशी उभी होते.
आतली मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली,
"आजी, दोन दिसतायत. नाव तेच, आईवडील तेच.
यातल्या तुम्ही कुठल्या?"
मागे रांग. कुणीतरी घसा खाकरला.

"दुसरी," म्हणाले.
आणि मग, "पहिलीचाही द्या."

परतीच्या बसमध्ये जागा होती.
कागद दुमडू नयेत म्हणून
मी उभीच राहिले.