पिण्यापूर्वी बाटली हलवावी

करवंद मे महिन्यात काढायचं,
सड्यावर, ऊन चढायच्या आत.
चीक लागतो, मग दिवसभर
दोन बोटं एकमेकांना सोडत नाहीत.
मिठाच्या पाण्यात तीनदा धुवायचं,
आणि एकेक फळ त्याच्याच जाळीच्या काट्यानं टोचायचं,
टाचणीनं नाही.
कारण विचारू नका, बापसानं मला सांगितलं नव्हतं.

फेणी सातार्ड्याच्या पुलापलीकडून येते.
हुर्राक स्वस्त, पण पावसाळा काढत नाही.
वर खडीसाखर, दोन लवंगा. तिसरी घातलीत
तर दातदुखीचं औषध होतं.

हे मला कळतं. एकतीस वर्षं
वेंगुर्ल्यात मोटनीस डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो.
खोकल्याचं, पोटाचं, तापाचं,
बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कातरून लावायचो.
ती खोड हातातून गेलेली नाही.
नाताळच्या बाटल्यांनाही पट्टी असते,
आठ खुणा, आणि खाली माझ्या अक्षरात:
पिण्यापूर्वी बाटली हलवावी.
लोक हसतात. हलवतात मात्र.

पलंगाखाली, काळोखात, सहा महिने.
दर रविवारी मिस ऐकून आलो
की सणाच्या शर्टातच खाली वाकतो
आणि एकेक बाटली उलटीसुलटी करतो.
रेमेत म्हणायची, पोरांका पाळण्यात
इतक्या कधी हलवलंस नाय.
जूनमध्ये रंग कोऱ्या चहाचा, ऑगस्टात जास्वंदीचा.
नोव्हेंबरात जुन्या मलमलीतून गाळतो
तेव्हा करवंदं उरतात फिकी, सुरकुतलेली.
ती कोंबड्यांना घालू नयेत.
एकदा घातली होती.

मग वाटप. मोटनीसांच्या मुलाला एक,
तो आता दवाखाना चालवतो
आणि डोस पाळत नाही.
शाणू टेलरला एक.
मासळीवाल्या सुलोचना खवणेकरणीला एक, ती पीत नाही,
गुडघ्याला चोळते.

आणि एक इनासला.

चुलतभाऊ. मध्ये चिऱ्याचा गडगा,
विहीर त्याच्या बाजूला. पंपाच्या वायरीवरून
सहा वर्षांपूर्वी बोललो ते शेवटचं.
मी नळ घेतला. त्यानं रहाट काढला नाही.
चोवीस तारखेला, तिन्हीसांजेला,
बाटली मी गडग्यावर ठेवतो.
पहिल्या वर्षी वाटलं, मांजर पाडेल.
तीन राजांच्या सणाला ती परत तिथेच,
रिकामी, विसळलेली, बूच घट्ट.
चिठ्ठी नाही, निरोप नाही.
पट्टी नखानं खरवडून काढलेली,
गोंदाचा डागसुद्धा नाही. दर वर्षी असंच.

रेमेत गेली त्या वर्षी मी करवंदं काढलीच नाहीत.
तरी सहा जानेवारीला गडग्यावर
एक रिकामी बाटली उभी होती,
कुठल्या तरी जुन्या सालची.
विसळलेली.

यंदा भरलेली आली.
पट्टी जागच्या जागी, खरवडलेली नाही.
आत रंग नाही. उजेडात धरली, गाळ नाही.
वास घेतला, वास नाही.
एकतीस वर्षांत असं औषध
माझ्या हातून कधी गेलं नव्हतं.
तरी हलवली. लिहिलंच होतं ना.

पाणी.
थोडं शेवाळ्याचं, थोडं रहाटाच्या लोखंडाचं,
आणि मागून येणारा तो गारवा,
जो नळाला कधीच सापडला नाही.

आठातल्या दोन खुणा संपवल्या, उभ्या उभ्याच.
पलीकडे रहाट करकरत होता.
बूच लावलं.
उरलेलं, जेवणानंतर.