रात्रपाळी

पहिली पाळी माझी.
नकाशा सगळा काळा. मधोमध सात-आठ घरं हिरवी,
तिथे गाडी-बैल घेऊन उभी माझी माणसं
कुठे उतरायचं ते विचारत.

वडगावात, मालकाच्या शेडात, सुताच्या खोक्यांवर लॅपटॉप.
खडेबाजारातून जुना घेतलेला, एक बटण उडालेलं.
एकानं खेळायचं तोवर दुसऱ्यानं बारा माग बघायचे.
कांडी संपली, बदल. धागा तुटला, सांध.
धोटा डावीकडून उजवीकडे जाऊन येतो
तशी खुर्चीही आमच्यात जाते-येते.
आवाजात बोलणं कुठलं?
बाळेश खांद्यावर थाप मारतो, ओठांवरून मी वाचतो:
निन्न पाळी.
पाळी हा शब्द दोन्हीकडे एकच,
एवढं एक बरं आहे.

तो म्हणाला होता, बस की जिथं आहेस तिथंच,
उगंच हिंडवून काय मिळतंय?
मला नदी पाहिजे.
दोन पाळ्या चालवली माणसं, तिसऱ्यात
काळोखातून निळी रेघ निघाली.
मार्कंडेय नव्हे, पण धरली आपली म्हणून.

रंग निवडताना मी जांभळा घेतला, त्यानं शेवाळी.
भगव्यावरनं आणि तांबड्या-पिवळ्यावरनं
दोघांचंही बोट न थांबता पुढे गेलं.
त्यावर कोणी काही बोललं नाही.

गावाला नाव द्या म्हणाला खेळ.
मी मराठीत वडगाव लिहिलं. उमटले नुसते चौकोन.
बाळेशनं त्याच्या पाळीत कानडीत लिहून पाहिलं.
चौकोनच.
हसून हसून त्याला ठसका लागला,
तेवढ्यात चार नंबरच्या मागावर अर्धा वीत पदर वाया गेला.
आम्ही नावं बदलली नाहीत.
जांभळे चौकोन नदीकाठी,
शेवाळी चौकोन डोंगराच्या पलीकडे कुठेतरी.

मग नेहमीचंच. आधी मडकी शिकायची की घोडा?
मी मडकी घेतो. धान्य साठलं की माणसं वाढतात,
माणसं वाढली की गावाभोवतीची रेघ
कोणी न सांगता एक घर पुढे सरकते.
सकाळी उठून बघावं तर कुरण आपलं.
कोर्ट नाही, तारीख नाही, बोर्डावर डांबर नाही.

टेहळ्या मी उत्तरेला सोडलेला.
अठराव्या पाळीत त्याला रानट्यांनी गाठलं.
"रानटी म्हणजे कोण?" दारात बिडी ओढताना बाळेशनं विचारलं.
"ज्यांच्या गावाला नाव नसतं ते."
"मग आपलं काय लिहिलंय रे तिथं?"
मी बिडी विझवली.

छत्तिसाव्या पाळीत खिंडीत एक शेवाळी माणूस दिसला.
मी न सांगताच बाळेश मागांमधून वाकून बघत होता.
मैत्री की लढाई की काहीच नको, खेळ विचारत होता.
मी "काहीच नको" दाबलं. घाईत दाबलं.

अडतिसाव्याला करंट गेला.
बारा माग एकदम गप्प, आणि त्या गप्पात
माझा "अरे!" केवढातरी मोठा वाजला.
लॅपटॉपची बॅटरी नावालाच होती.
अंधारात बसलो. बाहेर कुणाची तरी गाय उठून हलली.
त्याच्या डब्यातली भाकरी, माझी शेंगाचटणी.
तो म्हणाला, मधल्यानं तुला दिसलं असतं
माझ्या गावाला नदीच नाही.
मी म्हटलं, सांगायचं नाही, नियम आहे.

पावणेचारला करंट आला.
खेळ उघडला तिसाव्या पाळीवर.
आठ पाळ्या गेल्या: खिंड पुन्हा काळी,
कोणी कोणाला भेटलेलं नाही,
आणि पलीकडे काय आहे ते दोघांनाही ठाऊक.
मी टेहळ्याला एक घर सरकवलं, उठलो,
सातच्या मागावर कांडी बदलली, दोनच्यावर गाठ मारली.
परत आलो तर बाळेशची पाळी संपलेली.
बत्तीस, तेहेतीस.
चौतिसाव्याला खिंड उजळली
आणि त्याचा माणूस आधीच तिथे उभा,
मागच्या खेपेपेक्षा दोन पाळ्या लवकर.

खेळानं विचारलं तेच.
मी बटणावर बोट ठेवलं, वर बघितलं.
मागांच्या पल्याड तो हात हलवून ओरडत होता,
ऐकू काही येईना,
सहा बोटं दाखवत होता: सहा नंबर, धागा तुटलाय,
ये लवकर.