काउंटरची काच

सेलूच्या रेल्वे फाटकापाशी मुनीरमामूचं गॅरेज.
भिंती तीन, चौथ्या बाजूला रस्ता.
मी म्हणालो, मामू, पहाटे छातीत वारं भरायलंय,
मानवत रोड येईस्तोवर बोटं माझी राहत नाहीत,
गाडीला पुढून काच बसवा.
मामू म्हणे, नवी घेतली तर अडीच हजार,
फेअरिंग धरून चार.
भंगारात एका पिवळ्या गाडीचं तोंड पडलंय, ते सातशेला देतो.
काच तू आण.

काच होती.
लॅबच्या माळ्यावर, सलाईनच्या खोक्यांमागं,
सुतळीच्या दोन तुकड्यांसकट उभी.
त्या साली ती माझ्या तोंडापुढं लोंबायची,
खाली, हात जाईल एवढा, अर्धा चंद्र कापलेला.
त्यातून मी रिपोर्ट सरकवायचो.
कागद तसा वजनाला काहीच नसतो.
लोक तो दोन्ही हातांनी घ्यायचे.

मामूनं पुठ्ठ्याचा साचा काढला, खडूनं आखलं,
टाकीवर गाल टेकवून
एक डोळा मिटून बघितलं.
अर्धा चंद्र बरोबर हेडलाइटच्या टाळूवर बसला.
"हे कुणी कापलं रे? माप घेतल्यावानी हाय."
मी म्हणालो, घेतलं नव्हतं.

ड्रिल हळू फिरवावं लागतं, साबणाचं पाणी सोडत सोडत.
नाहीतर प्लास्टिक वितळून शेवयांसारखं बिटाला गुंडाळतं.
तिसऱ्या भोकाला घाई झाली, चहा आला होता.
कट् झालं, आणि एक तडा निघाला
मिशीच्या केसाएवढा, वर, नजरेकडं.
मी श्वास धरला. मामूनं नाही.
सगळ्यात बारीक बिट लावून
तड्याच्या टोकावरच त्यानं भोक पाडलं, मोहरीएवढं.
"आता पुढं जात न्हाई.
जायला त्याला टोक लागतं. गोलात कुठं जाईल?"
मग चहा प्याला, गार झालेला.

जुन्या ट्यूबचे वॉशर, दहा नंबरचा पाना,
एल पट्ट्या दोन, त्यातली एक जराशी वाकडी,
म्हणून माझी काच डावीकडं मान कलती करून असते,
कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखी.
स्टिकर थिनरनं खरवडला. "कृपया" गेलं. "ठेवा" गेलं.
मधली तीन अक्षरं काही निघाली नाहीत.
ब्लेड मारू का, मामूनं विचारलं. म्हटलं, राहू द्या.
उजव्या कोपऱ्यातला ओरखडाही राहू द्या.
तो बांगडीचा आहे.
ढेंगळी पिंपळगावच्या एका बाईनं काचेवर हात आपटला होता,
मोठ्यानं वाच बाबा, मला ऐकू येईना.
मी वाचलं होतं.
मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी फाटक बंद होतं.
दप्तरवाल्या एका पोरानं गाडी निरखून विचारलं,
काका, तोंड दुसऱ्याचं बसवलं का?
हो म्हणालो.
डब्यात बर्फ, बेचाळीस नळ्या,
दुधनेच्या पुलावर धुकं.
चाळीसला काच गप्प. पन्नासला गुणगुण.
साठला अशी थडथडली की परत पन्नासवर आलो.
वारं चढून हेल्मेटवरून जात होतं
आणि छातीशी काहीच नव्हतं, नुसती माझी वाफ.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मागच्या नळ्यांची किणकिण ऐकली.

पिंपळगावच्या फाट्यावर सूर्य समोर आला.
तीन अक्षरांची सावली जॅकेटवर पडली,
मला उलटी, समोरून येणाऱ्याला सुलट.
पुढं जिनिंगला निघालेला टेम्पो, दोऱ्या ढिल्या.
कापसाचा एक पुंजका सुटून आला
आणि काचेवर आपटला,
आपटला कसला, टेकला.
घरंगळत खाली अर्ध्या चंद्रापाशी थांबला
आणि तिथंच थरथरत राहिला,
हात आत घालावा की नाही, असा.
मी ॲक्सिलेटर जरा सोडला.