दुसरी वेलांटी

रात्री साडेअकराला पान एक माझ्यासमोर येतं.
बाराला छपाई. चुका काढायच्या, मत नाही.
आज मथळा आठ कॉलमी:
'परप्रांतियांचे लोंढे शहरावर'.
खाली एका सभेत कुणी काय डरकाळी फोडली ते,
त्याखाली दुसऱ्या सभेत त्याला काय सुनावलं ते.
शब्द दोघांचा एकच, लोंढे.
एवढ्यापुरती एकी.

लोंढे.
आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री अडीचला, करंगळीएवढं.
दत्त नगरच्या बोळात बाया घागरी लावून पेंगत बसतात.
नळ आधी फुसफुसतो, मग खोकतो, मग गढूळ.
ह्या गावाला लोंढा कुठला ठाऊक?

तरी शब्दकोश काढला.
पाण्याचा जोराचा प्रवाह, असा अर्थ दिलाय.
पाण्याला आडनाव नसतं.
बांध घाला म्हणायला मग सोपं जातं.

फोटो फाइलमधला.
सोलापूर स्टेशन, फलाट एक,
गर्दीच्या पुढे खांद्यावर गाठोडं घेतलेला इसम.
मागच्या निवडणुकीला हाच होता,
त्याच्या मागच्यालाही.

ह्याला मी ओळखतो.
हा नरसय्या गुंटूक, माझा सख्खा मामा,
साखर पेठेत जन्मलेला.
माग भंगारात गेले तेव्हा सुरतेला गेला,
आणि बारा वर्षांनी, छातीत कापूस भरून,
घरी परत येत होता.
गाठोड्यात दोन चादरी. इथल्याच, जाताना नेलेल्या.
सुरतेच्या पेपरात तो काय होता
ते मी कधी विचारलं नाही.
त्याचा आजा तेलंगणातून चालत आला,
तेव्हा गिरणीला हात हवे होते.
तेव्हाही कुणी काही म्हणालं असेलच.
माझ्याकडे कात्रण नाही.

बिराजदारला सांगितलं. पान त्याचं.
'फोटो प्रातिनिधिक आहे रे,' म्हणाला, घड्याळाकडं बघत.
माणूस वाईट नाही.
आईचा फोन आला की जिन्यात जातो,
आणि तिथं हळू आवाजात कन्नड बोलतो.

मी लाल पेन घेतलं.
'प्रांतियांचे'मधली पहिली वेलांटी खोडली,
दुसरी दिली.
शब्द शुद्ध झाला.
सही केली. पान गेलं.

सकाळी मामीकडे.
मामाला जाऊन तीन वर्षं झाली.
ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती,
तंबाखूखाली अंथरायला पेपर उलगडला
आणि बोटं थांबली.
हजार विड्यांच्या हिशेबात तिची बोटं कधी थांबत नाहीत.
'फोटो बरा आलाय की,' म्हणाली.
मराठी तिला बोलता येतं, वाचता येत नाही.
'एम राशिन्रु?'
काय लिहिलंय?

मी म्हणालो,
घरी आला, असं लिहिलंय.

तिनं पानं कापायची कात्री घेतली,
पत्र्याचा साचा न लावता,
गाठोड्याच्या कडेकडेनं
मामाला अलगद कापून काढला.
मथळा सुपातल्या चुऱ्यात पडला,
माझ्या वेलांटीसकट.