बाकी

हडकरकाकूंच्या माकडहाडावर
रुपयाएवढी जखम झाली तेव्हा
दवाखान्याच्या सिस्टर भोईर तीन जिने चढून आल्या,
धापा टाकत म्हणाल्या, मलम नंतर.
आधी दर दोन तासांनी कूस बदला.
दिवसातून बारा वेळा. रात्र धरून.

नंदूने बोटांवर हिशेब केला आणि सोडून दिला.
नंदू पन्नाशीचा, सिक्युरिटीत बारा तास उभा,
कमरेला पट्टा.
आईला उचलायला वाकला
की दोघांना उचलायला तिसरं माणूस लागतं.

पाणी जायची वेळ होती,
कन्नमवार नगरातल्या आमच्या जिन्यात बादल्यांची गर्दी,
त्यातून शेवंताबाईंचा आवाज आला:
भिशी लावा.

भिशी अठ्ठावीस वर्षं काकूंनीच चालवली.
वीस घरं, आधी शंभर, मग पाचशे,
चिठ्ठ्या लाडवांच्या डब्यात,
डबा हलवायला कुणाचं तरी शेंबडं पोर.
माझं दुसरं बाळंतपण त्या डब्यातून निघालं.
तीच वही काढली. मागची पानं कोरी होती.
पैशांच्या रकान्यात तास लिहिले.
सकाळी सहा, शेवंताबाई.
रात्री दोन, तळेकरांचा श्रीतेज,
कॉलेजचं पोर, मोबाइलवर तोवर जागंच असतं.
पहाटे चार, मी.
मला मेसच्या पोळ्यांना तसंही उठायचं असतं.

सिस्टरने शिकवलं, ओढायचं नाही, कातडी फाटते.
चादरीसकट सरकवायचं.
गुडघा मोडून घ्यायचा, एक हात खांद्याला,
एक कमरेला, आणि आपल्याकडे.
दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा अधांतरी.
पहिल्या दिवशी मला वाटलं, केवढ्या जड.
महिन्याभराने वाटलं, केवढ्या हलक्या.

उजवं अंग गेलं तेव्हा काकूंचे शब्दही गेले.
एकच मागे राहिला.
जमा.
पाणी पाजलं, जमा.
पॉट दिला, जमा.
दुखतंय का विचारलं, तर डोळे भरून, जमा.
नंदूला हाक मारायची तरी तेच.
तोही ओ देतो.

सिस्टर जखम सेंटिमीटरमध्ये लिहायच्या.
आम्ही वहीत आण्यांत.
दिवाळीला आठ आणे. संक्रांतीला चार.

मग एका रात्री श्रीतेज झोपून गेला.
मी चारला आले तेव्हा काकू
बारापासूनच्या त्याच कुशीवर,
चादर ओली, डोळे घड्याळावर.
संध्याकाळी तो आला, मान खाली,
चपला हातात घेतल्यासारखा.
काकूंनी त्याला नीट पाहिलं.
तोंड वाकडं झालं, लाळ आली, बा, बा,
आम्हाला वाटलं, बाळ म्हणतायत.
बाकी.

नंदू बाथरूममधून दाढीच्या फेसासकट बाहेर.
सात महिन्यांनी दुसरा शब्द!
शेवंताबाईंनी साखर वाटली, घरात तेवढीच होती.
श्रीतेज हसत होता आणि रडत होता,
आठवडाभर त्याने दुपारचे दोनसुद्धा घेतले.
सिस्टरने फाइलमध्ये तारखेसह नोंद केली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
फेब्रुवारीत माझ्या धाकट्याला ताप होता, एकशे तीन.
त्या पहाटे मी गेले नाही.
दुसऱ्या दिवशी वही माझ्या हातात आली
आणि मी चारपुढे बरोबरची खूण केली.
शेवंताबाईंना सहाला कळलं असणार.
बोलल्या नाहीत.

आता जखम दहा पैसे.
रोज चारला मी दार लोटते,
झिरोच्या दिव्यात काकू जाग्याच असतात.
चादर धरते, आपल्याकडे घेते, उशी लावते,
टाचा पाहते.
त्या माझ्याकडे बघत राहतात, ओठ हलवतात,
आणि मी वाकलेलीच थांबते,
दोनातला कुठला शब्द येतो ते ऐकायला.