तीन बार

जुन्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या भिंतीला पाठ लावून
आमचं गॅरेज. रात्रीचे साडेअकरा.
सरफराजची एस्टीम बॉनेट उघडून उभी,
डॉक्टरपुढे जीभ काढल्यागत.

तक्रार त्याने तीनदा सांगितली, दर वेळी थोडी वेगळी.
पहिला गिअर ठीक. दुसरा ठीक.
तिसऱ्यात बटण दाबलं, नायट्रस सुटला
की गाडी क्षणभर झेपावते
आणि मग ठेच.
"गॅसच डुप्लिकेट हाय, त्या पुण्यावाल्यानं बनवलं आपल्याला."
लिंबाजीकाका काही बोलले नाहीत. प्लग खोलू लागले.

तिसऱ्या सिलिंडरचा प्लग मी उजेडात धरला.
चिनीमाती पांढरीफटक,
भिंगाखाली तिच्यावर बारीक चमकते ठिपके:
पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम, घर सोडून निघालेलं.
"गॅस खरा आहे," मी म्हणाले, "आणि वेळेवर येतोय.
त्याच्या जोडीचं पेट्रोल येत नाही.
पंगत बसली, पत्रावळ्या मांडल्या,
वाढपीच मागे राहिले."

दाबाचा मीटर रेलला जोडला,
नळी बॉनेटच्या फटीतून काढून
डायल काचेवर टेपने चिकटवला.
उभ्या गाडीत तीन बार. काटा हलेना.
पण उभ्या गाडीचं कोण ऐकतं?
जालन्यात नळ आला की कळतं ना,
गल्ली झोपेत असेल तर तुमची बादली भरते,
सगळ्यांनी मोटारी लावल्या
की तोटी नुसती खोकते.

बायपासच्या अर्धवट तुकड्यावर नेली.
तिसरा गिअर, बटण,
आणि काटा तीनवरून पावणेदोनवर,
विहिरीत पोहरा सुटावा तसा.
तिथेच पाय उचलायला लावला मी.

फिल्टर बदलला. जुना कापून पाहिला: स्वच्छ.
साडेतीनशे रुपये गेले.
रेग्युलेटरची नळी ओढून, फुंकून पाहिली.
टाकीतल्या पंपाला सरफराज हात लावू देईना,
"नवा हाय तो, चेन्नईहून मागवलाय,"
जसं काही नव्या माणसाला ताप येत नाही.

दीड वाजता मिलने भट्टी घेतली.
आमची ट्यूब मंदावली, पंखा जड झाला,
भिंतीतून ती घरघर पायांत उतरली.
काका वर बघत होते.
वीस वर्षं या भिंतीशी काढून कान गेले त्यांचे,
पण दिव्याचं दुखणं त्यांना दिसतं.
"पंपाला काय पोचतंय," ते म्हणाले, गरजेपेक्षा मोठ्याने,
"ते बघितलं का कुणी?"

मागची सीट काढली.
लांब तारा ओढून मल्टिमीटर मांडीवर घेतला, पुन्हा बायपास.
बॅटरीवर तेरा पूर्णांक आठ.
पंपाशी, बटण दाबल्यावर, दहा पूर्णांक दोन.
पंप आजारी नव्हता. उपाशी होता.

परत येऊन तारेमागे तार चाचपत गेले.
मॅटखाली, अर्थच्या बोल्टपासून वीतभर अंतरावर,
एक जोड. नुसता पिळलेला, न डाखलेला,
आत हिरवी बुरशी.
वरून लाल टेप.
गेल्या दिवाळीत काळी टेप संपली होती,
सरफराजला घाई होती, मला घरी जायचं होतं.

मी काही बोलले नाही.
काकांनी टेप पाहिली, मग माझ्याकडे.

जाड केबल, बॅटरीपासून थेट. रिले. फ्यूज.
बोल्टखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला,
गरजेपेक्षा जास्तच खरवडला.
उजाडायच्या आत एकच फेरी:
बटण दाबलं, काटा थरथरला
आणि तीनवरच राहिला.

"आता मोठा जेट टाकायचा का?" सरफराज, डोळे लाल.
ऐकू न येताही काकांनी मान हलवली: नाही.

बिल लिहिलं. फिल्टर, केबल, रिले.
मजुरीचा रकाना कोरा ठेवला.
त्याने विचारलं नाही.
काका पायरीवर चहा पीत होते,
लाल टेपचा तुकडा बोटाला गुंडाळत,
उलगडत, गुंडाळत.