फाळक्याची उंची

सावद्याच्या तोलकाट्यामागं
दोन पिकअप उभ्या, एक पांढरी, एक करडी,
अन् गुणवंत फालक बैलाचे दात बघावे तसा
बॉनेटात वाकलेला.

पांढरीत दम आहे. पालच्या घाटात
भरल्या हौद्यानं तिसऱ्या गिअरवर चढली म्हणे.
करडी देखणी. जाळीला निकेल, दिव्यांच्या भुवया ताणलेल्या,
लग्नात फेटा बांधून बसलेल्या चुलतभावासारखी,
काम सांगाल तर उठायची नाही.

त्यांचं मायलेज, हप्ता, घोडे चाललेत.
मी दोन्हींचे फाळके पाडतो
अन् पोट टेकवून बघतो.
करडीचा बेंबीवर चार बोटं. पांढरीचा बेंबीला.

खांद्यावर घड असतो तेव्हा
चार बोटं म्हणजे काय ते
गाडीच्या कागदात नसतं.
एका खेपेला ऐंशी घड.
करडीत चाकांवरचे उंचवटेही आडवे येतात,
तिथं ठेवलेला घड सावद्यातच काळा पडायला लागतो,
पानं कितीही अंथरा.

"कोनती घेऊ रे, सुपडू?"
"पांढरी."
"घाटासाठी ना?"
"हो," म्हटलं, "घाटासाठी."

पांढरीच घेतली. पेढाही दिला.

नवव्या दिवशी भुसावळहून आणली तेव्हा
जाळीला निकेल होतं,
खाली रुंद, उंच टायर.
"आता दिसते का नाही गाडी!"
दिसत होती. खरंच दिसत होती.

मी फाळका पाडला, पोट टेकवलं,
अन् बांधावरून केळीच्या खोडाचा
एक ओला तुकडा
पायाखाली ओढून घेतला.